जिनसेंगच्या मुळीत नेमके आहे तरी काय?

दोन वर्षांपासून आमच्या खालूंना विसर पडू लागला आहे. आधी चष्मा कुठे ठेवला ते आठवेना, मग नातवंडांची नावे एकमेकांत मिसळू लागली, आणि गेल्या हिवाळ्यात तर नेहमीच्या गल्लीतून घरी येताना वाट चुकले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या सुरू केल्या. नोकरीसाठी आखातात असलेल्या मुलाचा जीव तिकडे कासावीस झाला. त्याने येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर काचेची बरणी पाठवली: कोरियाच्या लाल जिनसेंगचा अर्क. काकवीसारखा दाट, रंगाने काळपट तपकिरी आणि चवीला कडू. किंमत ऐकली तेव्हा खाला म्हणाल्या, "एवढ्यात महिन्याचा किराणा आला असता गं."

बरणीच्या खोक्यावर बहुतेक मजकूर कोरियन लिपीत होता. एका कोपऱ्यात मात्र तीन खुणा वाचता येत होत्या: आरजी-१, आरबी-१, आरजी-३. खालांनी विचारले, "तू मुलांना शिकवतेस, हे काय आहे ते सांग." मी उर्दू आणि मराठी शिकवते. रसायनशास्त्राशी माझा संबंध बीएडच्या आधीच सुटला. पण घरच्या माणसाच्या पोटात जाणारी वस्तू आहे म्हटल्यावर वाचणे भाग होते. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना बरेच छळले. त्यातून जे कळले ते इथे मांडते, कारण अशा बरण्या आणि कॅप्सूल आता अनेक घरांत आहेत.

जिनसेंग हे कोरिया, चीनचा ईशान्य भाग आणि त्याला लागून असलेल्या रशियाच्या जंगलातले सावलीतले झुडूप. त्याची मुळी दोन पायांच्या माणसासारखी दिसते, आणि चिनी नावातही 'माणूस' हा शब्द आहे. शास्त्रीय नावातील 'पॅनॅक्स'चा अर्थ सर्व दुखण्यांवरचा इलाज. कोरियात ती छपराच्या सावलीत लावतात आणि चार ते सहा वर्षांनी काढतात. नुसती वाळवली तर पांढरे जिनसेंग, वाफवून वाळवली तर लाल. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

हजारो वर्षे लोकांनी ही मुळी अख्खीच वापरली. आत कोणता पदार्थ काम करतो, हा प्रश्न पडला रसायनशास्त्रज्ञांना. १८५४ मध्ये गॅरिग्ज यांनी अमेरिकेत उगवणाऱ्या जिनसेंगच्या भावंडापासून एक भुकटी वेगळी काढली आणि तिला नावही दिले. पण ती एकच वस्तू नव्हती, अनेक पदार्थांचे मिश्रण होते. खरी उकल व्हायला आणखी शंभर वर्षे लागली.

१९६० नंतर टोकियो विद्यापीठात शोजी शिबाता आणि त्यांचे सहकारी या मुळीच्या मागे लागले. त्याच सुमारास रशियातील व्लादिवोस्तोक येथे एल्याकोव्ह यांचा गटही हेच काम करत होता. त्यांची रीत समजून घ्यायला आमच्या सरांनी सातवीच्या वर्गातला प्रयोग करून दाखवला. टिपकागदाच्या पट्टीवर काळ्या शाईचा ठिपका द्यायचा आणि पट्टीचे टोक पाण्यात बुडवायचे. पाणी वर चढते तशी काळी शाई फुटते आणि निळा, जांभळा, पिवळसर असे पट्टे वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. टोकियोत कागदाऐवजी काचेवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर होता आणि पाण्याऐवजी रसायनांचे मिश्रण. जिनसेंगच्या अर्काचा एक ठिपका फुटून ठिपक्यांची रांग झाली. तळाकडून वर त्यांना ए, बी, सी अशी नावे मिळाली. खोक्यावरचा 'बी' म्हणजे खाली अडकलेला ठिपका आणि 'जी' म्हणजे बराच वर चढलेला. नावात औषधी गुणाचा काही इशारा असेल असे मला वाटले होते. निघाला तो काचेवरचा पत्ता.

या पदार्थांना एकत्रितपणे जिनसेनोसाइड म्हणतात. ते सॅपोनिन जातीचे आहेत. आपल्या ओळखीचे सॅपोनिन म्हणजे रिठ्याचा आणि शिकेकाईचा फेस. प्रत्येक कणाचा एक गाभा असतो आणि त्याला साखरेच्या कड्या जोडलेल्या असतात. आरबी-१ला ग्लुकोजच्या चार, आरजी-१ला दोन. गाभा ओळखण्यासाठी साखर तोडावी लागते, म्हणून अर्क आम्लात उकळत. इथे एक गंमत झाली. आम्लाने साखर तर सुटली, पण गाभ्याचाही आकार बदलला. त्यामुळे हाती आलेला पदार्थ मुळीत मुळात नव्हताच. तपासणीनेच तो घडवला होता. हे शिबातांच्या गटाने ओळखले आणि सौम्य रीतीने खरा गाभा काढून दाखवला. आपली चूक आपणच पकडण्याचे हे उदाहरण मी वर्गात सांगणार आहे, भाषेच्या तासाला का होईना.

आता चेतापेशींकडे येऊ. मेंदूतील पेशी एकमेकींशी बोलतात ते रसायनांच्या मदतीने. ग्लुटामेट हे त्यातले एक. योग्य प्रमाणात असेल तर शिकणे आणि आठवणे त्यावर चालते. पण लकव्याच्या झटक्यात रक्त थांबले की ग्लुटामेटचा पूर येतो, पेशींत कॅल्शियम घुसते आणि पेशी मरतात. प्रयोगशाळेत हेच बशीत घडवतात. उंदराच्या पिल्लाच्या मेंदूतील पेशी वाढवायच्या, त्यांवर ग्लुटामेट घालायचे आणि काही बशांत जिनसेंगचा एकेक पदार्थ मिसळायचा. जिवंत पेशी एका पिवळ्या रंगद्रव्याला जांभळे करतात, मेलेल्या करत नाहीत. किती जांभळे झाले त्यावरून किती पेशी वाचल्या ते मोजता येते.

१९९८ मध्ये सोलच्या शास्त्रज्ञांनी अशाच कामातून दाखवले की जिनसेनोसाइडांपैकी आरबी-१ आणि आरजी-३ हे दोन चेतापेशींना ग्लुटामेटपासून लक्षणीय प्रमाणात वाचवतात. पेशीत घुसणारे कॅल्शियम कमी होते. यातले आरजी-३ कच्च्या मुळीत जवळजवळ नसते. ते मुख्यतः वाफवताना, उष्णतेने इतर पदार्थांची साखर तुटून तयार होते. म्हणजे पांढरी आणि लाल मुळी ही रसायनाच्या दृष्टीने दोन वेगळी औषधे झाली. चूल बदलली की गुण बदलतो, हे आपल्या आज्ज्यांना सांगावे लागले नसते.

त्याआधी १९९६ मध्ये जपानच्या एहिमे विद्यापीठात जर्बिल या छोट्या प्राण्यांवर प्रयोग झाला होता. मेंदूचा रक्तपुरवठा पाच मिनिटे थांबवला, मग सुरू केला. ज्यांना आधी लाल जिनसेंग किंवा शुद्ध आरबी-१ दिले होते, त्यांच्या स्मरणकेंद्रातील पेशी अधिक वाचल्या. आरजी-१चा उपयोग झाला नाही. तेव्हा 'जिनसेंग मेंदूला चांगले' या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. कोणता पदार्थ, हे विचारावे लागते. आणि त्या प्रयोगातली दुसरी गोष्ट मला जास्त बोचली. रक्त थांबल्यानंतर दिलेल्या जिनसेंगचा फायदा दिसला नाही. फायदा होता तो आधी दिलेल्याचा.

बशीतील पेशी आणि खालूंचा मेंदू यांच्यामध्ये मोठा रस्ता आहे. बशीत पदार्थ थेट पेशीवर पडतो. तोंडाने घेतलेले आरबी-१ रक्तात फार थोडे पोहोचते. आतड्यातील जिवाणू त्याच्या साखरेच्या कड्या एकेक करून तोडतात आणि शेवटी एकच कडी उरलेला पदार्थ तयार होतो. त्याला संशोधक 'कंपाउंड के' म्हणतात. प्रत्येकाच्या पोटातले जिवाणू वेगळे, म्हणून एकाच बरणीतून दोन माणसांना मिळणारे औषध सारखे नसते. त्यापुढे मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत आहे. ती फारच थोड्या गोष्टींना आत सोडते.

माणसांवरही चाचण्या झाल्या आहेत. त्यातली एक २००८ मध्ये सोलहून प्रसिद्ध झाली. अल्झायमरचे ९७ रुग्ण. त्यांपैकी ५८ जणांना रोज साडेचार ग्रॅम जिनसेंगची पूड बारा आठवडे दिली, ३९ जणांना दिली नाही. पूड घेणाऱ्यांचे स्मरणाच्या परीक्षेतले गुण सुधारले. पूड थांबवल्यावर ते पुन्हा दुसऱ्या गटाइतके खाली आले. ऐकायला उमेद देणारी गोष्ट आहे, पण एक उणीव लक्षात घ्या. कोणाला औषध मिळते हे सर्वांना माहीत होते. ज्याला आपण महागडी मुळी खात आहोत हे ठाऊक आहे, तो परीक्षेला थोडा हुरूप घेऊनच बसतो. म्हणूनच खऱ्या चाचणीत दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी खोटी पूड द्यावी लागते.

वनस्पतीतून स्मृतीचे औषध निघतच नाही, असे मात्र नाही. अल्झायमरच्या रुग्णांना दिले जाणारे गॅलँटामाइन मूळचे स्नोड्रॉप या युरोपातील फुलझाडाच्या कुळातले. ते एकच ओळखलेले द्रव्य आहे, मोजलेल्या मात्रेत मिळते आणि त्याचे दुष्परिणामही लिहून ठेवले आहेत. आजार ते बरा करत नाही, काही काळ लक्षणे आवरते. जिनसेंगचा प्रवास अजून तिथवर झालेला नाही.

नावांचा घोळही आहे. आपल्याकडे अश्वगंधेला, म्हणजे हकीमसाहेबांच्या असगंधाला, कधी कधी 'इंडियन जिनसेंग' म्हणतात. ती वांग्या-टोमॅटोच्या कुळातली. तिच्यात जिनसेनोसाइड नाहीत. 'सायबेरियन जिनसेंग' कुळाने जवळचे, पण त्यातही ते नाहीत. तेव्हा एकीचे निष्कर्ष दुसरीला लावून चालत नाही.

हे सारे वाचून मी खोके घेऊन खालांकडे गेले आणि आधी एकच विचारले: डॉक्टरांना बरणीबद्दल सांगितले का? नव्हते सांगितले. "जडीबुटी तर आहे, औषध थोडेच," असे त्या म्हणाल्या. पण खालू हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी घेतात. अमेरिकन जिनसेंगने या गोळीचा परिणाम कमी होतो, असे २००४ च्या एका चाचणीत दिसले. कोरियन मुळीचे निकाल एकसारखे नाहीत, आणि तेच जास्त काळजीचे. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर साखर अधिक उतरण्याची शक्यताही डॉक्टर लक्षात घेतात. ज्या द्रव्यात चेतापेशीवर काम करण्याची ताकद असेल, ते बाकीच्या शरीरात गप्प कसे बसेल?

पुढच्या भेटीला खाला बरणीच घेऊन गेल्या. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी खोक्यावरच्या तिन्ही खुणा फाइलमध्ये उतरवून घेतल्या, रक्ताची तपासणी लिहून दिली आणि अहवाल येईपर्यंत अर्क बंद ठेवायला सांगितले. मुलाला फोनवर हे कळवताना खाला अवघडल्या होत्या. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "अम्मी, पुढच्या महिन्यात मीच येतो." बरणी सध्या शोकेसमध्ये चहाच्या सेटमागे ठेवली आहे. येता-जाता खालूंना ती दिसते आणि ते विचारतात, हा मध कोणी आणला?