करोल बागेखालचा खडक

31 डिसेंबर 2005 ला दिल्लीत द्वारका ते बाराखंबा रोड मेट्रो सुरू झाली, तेव्हा ती करोल बागेच्या डोक्यावरून गेली. खांबांवरच्या मार्गाची जमिनीखालच्या माहितीची भूक माफक असते. खांब उभा राहणार तिथे बोअर घ्यायचा, खडक किती खोल आहे ते बघायचं, पाया ठरवायचा. दोन खांबांच्या मधे खाली काय आहे, याची फारशी कुणाला पडलेली नसते.

मार्च 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इंद्रलोक–इंद्रप्रस्थ मार्गाला मंजुरी दिली आणि प्रश्नच बदलला. बारा किलोमीटरपैकी अकराहून जास्त जमिनीखाली, त्यातलं एक स्थानक अजमल खान पार्क, म्हणजे ऐन करोल बागेत. बोगद्याला दोन बोअरांच्या मधलंच तर हवं असतं! यंत्रासमोर वर गाळाची माती आणि खाली क्वार्ट्झाइट असं एकदम आलं, तर खाली कटर झिजतात आणि वरून माती सुटते. इथे तशी धास्ती बाळगावीच लागते. अरवलीचं टोक असलेला दिल्लीचा रिज झंडेवालान, आनंद पर्बत भागात वर आलेला आहे; पश्चिमेला नजफगढकडे तोच खडक शेकडो मीटर गाळाखाली जातो.

दोन बोअरांच्या मधला खडक अंदाजानेच काढावा लागतो. बोअरलॉग, म्हणजे बोअरमध्ये किती खोलीवर काय लागलं त्याच्या नोंदी, कागदावर असायचे त्या काळी जमिनीचे छेद हाताने काढत. एका बोअरमधला खडक दुसऱ्यातल्या खडकाला तुटक रेघेने जोडायचा आणि खात्री नसेल तिथे रेघेवर चक्क प्रश्नचिन्ह टाकायचं. पुढे एक्सेल आलं, 2000 च्या दशकात सिव्हिल थ्रीडी हे सॉफ्टवेअर आलं. बिंदू दिले की त्रिकोणांची जाळी विणून मिनिटभरात खडकाचा पृष्ठभाग तयार. देखणा, रंगीत. फक्त प्रश्नचिन्ह तेवढं गळालं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रगतीत झालेलं खरं नुकसान तेच.

म्हणून मेहनत आता फाइल तयार करण्यात जाते. लॉगमध्ये खोली असते, सॉफ्टवेअरला समुद्रसपाटीपासूनची पातळी (आर.एल.) लागते. समजा, बोअरच्या तोंडाची आर.एल. 221.40 आहे आणि खडक 8.50 मीटरवर लागला, तर फाइलमध्ये 212.90 जायला हवं. नुसते 8.50 गेले तर खडक दोनशे मीटर खाली बुडतो. शेजारचा, तोंडाची तीच पातळी असलेला बोअर 15 मीटरवर थांबला आणि खडक लागलाच नाही, तर? रकाना रिकामा ठेवला आणि पुढच्या सूत्राने त्याला शून्य मानलं, की खडक थेट रस्त्यावर येतो. 206.40 भरलं, तर जिथे फक्त खोदणं थांबलं तिथे खडक लागल्याचं ठरतं. ही दुसरी चूक जास्त वाईट, कारण नकाशात ती डोळ्यांत भरत नाही. अशा बोअरांना वेगळा रकाना द्यावा: खडक याच्या खाली, किती खाली ते माहीत नाही. पृष्ठभाग विणताना ते बिंदू बाजूला ठेवायचे आणि नंतर तपासायचं, पृष्ठभाग कुठे त्यांच्या वर तर आला नाही ना. एसपीटीत, म्हणजे ठोके देऊन नळी जमिनीत घुसवण्याच्या चाचणीत, ठोके देऊनही नळी पुढे सरकेना, म्हणजे खडकच, असंही नाही. एखादा मोठा दगडही असू शकतो. कोअर काढून बघितल्याशिवाय ती नोंद खडकाच्या रकान्यात नेऊ नये.

करोल बागेत आणखी एक अडचण आहे, ती जागेची. रिग उभी राहते ती गल्लीत शिरता येईल तिथे, हव्या त्या बिंदूवर नव्हे. मग बोअर मोठ्या रस्त्यांच्या कडेने ओळीत पडतात, दाट वस्तीखाली लांबट, चिंचोळे त्रिकोण ताणले जातात, आणि बोगदा नेमका त्यांतून जायचा असतो.