'प्रक्षेपणहक्क' : एका संज्ञेचा अर्थविचार

'प्रक्षेपणहक्क' हा समास मराठी वृत्तपत्रांत रूढ झालेला आहे. 'प्रक्षेपणाचा हक्क' असा त्याचा विग्रह होतो. परंतु हा हक्क कोणाचा व कशावर, हे विग्रहावरून उमगत नाही. त्याकरिता व्यवहारच पाहिला पाहिजे, आणि त्या दृष्टीने मार्क मस्करेन्हास यांची कारकीर्द उद्‌बोधक आहे.

बंगळूर येथे जन्मलेल्या मस्करेन्हास यांनी अमेरिकेतील सीबीएस या दूरचित्रवाणी संस्थेत उमेदवारी केली व पुढे 'वर्ल्डटेल' ही स्वतःची संस्था काढली. १९९६ च्या क्रिकेट विश्वचषकाचे हक्क तिने सुमारे १ कोटी डॉलरना घेतले आणि देशोदेशींच्या वाहिन्यांना विकले. १९९५ मध्ये तिने सचिन तेंडुलकर यांच्याशी पाच वर्षांचा कोट्यवधी रुपयांचा करार केला. म्हणजे सामन्याप्रमाणेच खेळाडूची कीर्तीही विक्रेय ठरली.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. त्यामुळे सरकारी मक्तेदारीचा आधार गेला. पण लहरी विकत घेता येतात, असा त्याचा अर्थ नव्हे. मस्करेन्हास यांनी विकत घेतले ते इतरांना मैदानावरील चित्रणापासून दूर ठेवण्याचे सामर्थ्य. समासातील 'हक्क' तो हाच.

२७ जानेवारी २००२ रोजी नागपूरजवळ अपघातात त्यांचे निधन झाले. पुढे २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे बंधनकारक झाले. सारांश, या हक्काला प्रेक्षकांच्या हक्काची मर्यादा आहे. समासात मात्र ती अनुक्तच राहते.