बिडी सुटते ती डिस्चार्जनंतर

हृदयविकाराचा झटका येऊन दाखल झालेला बिडी ओढणारा माणूस पहिले काही दिवस बिडीशिवाय राहतो. आयसीयूत ऑक्सिजन लावलेला असतो, काडी ओढायची सोय नसते आणि छातीत धसका बसलेला असतो. घरची माणसं समाधानानं म्हणतात, "सुटली एकदाची." राउंडला आलेले डॉक्टर बजावतात, "आता बिडीला हात लावायचा नाही." रुग्ण मान डोलावतो आणि त्या क्षणी तो मनापासूनच कबूल करत असतो. तरीही असे कितीतरी रुग्ण घरी गेल्यावर पुन्हा ओढू लागतात, आणि दोष त्यांच्या निश्चयाला दिला जातो. मला हा दोष उपचाराच्या पद्धतीत दिसतो. बिडी-सिगारेट सोडवणं हे वॉर्डात सुरू करून घरी गेल्यावर निदान महिनाभर चालवायचं काम आहे. आपण ते राउंडमधल्या एका वाक्यात उरकतो.

हे नुसतं मत नाही. रुग्णालयात दाखल असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या 50 चाचण्यांचा एकत्रित आढावा कोक्रेन या संस्थेनं 2012 मध्ये प्रसिद्ध केला. वॉर्डात समुपदेशन सुरू केलं आणि डिस्चार्जनंतर किमान महिनाभर फोनवरून किंवा भेटून पाठपुरावा ठेवला, तर सोडणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 37 टक्क्यांनी वाढतं, असं त्यात आढळलं. पाठपुरावा त्याहून कमी असेल, तर ठोस फायदा दिसला नाही. याचं कारण निकोटिनच्या स्वभावात आहे. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, काही तासांत तलफ सुरू होते, दोन-तीन दिवसांत त्रास कळसाला पोचतो आणि पुढे तीन-चार आठवडे रेंगाळतो. म्हणजे माणूस घरी जातो तेव्हा चिडचिड, झोपमोड, अस्वस्थता हे सगळं अजून सुरूच असतं. शिवाय वॉर्डात नसलेल्या सगळ्या गोष्टी घरी त्याची वाट पाहत असतात: सकाळचा चहा, जेवणानंतरची शतपावली, नाक्यावरची टपरी, कामातून मिळणारी पाच मिनिटांची सुट्टी आणि "घे रे, एक झुरका" म्हणणारा मित्र.

हे काम जवळून पाहिलं तर त्यात उपदेश फार थोडा असतो. समुपदेशक खाटेशेजारी बसून आधी विचारतो, सकाळी उठल्यावर पहिली बिडी किती वेळानं लागते? पाच मिनिटांच्या आत लागत असेल तर शरीर निकोटिनला पक्कं जखडलेलं आहे आणि नुसत्या बोलण्यावर भागणार नाही, असं समजायचं. मग निकोटिनचं च्युइंगगम द्यायचं झालं, तर ते चघळायचं कसं हे दाखवावं लागतं. इथं घाई केली की उपचार फसतो. गम सावकाश चावायचं, तिखट चव किंवा झिणझिण्या जाणवल्या की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवायचं, चव ओसरली की पुन्हा थोडं चावायचं. असं साधारण अर्धा तास. तोंडाच्या आतल्या त्वचेतून निकोटिन रक्तात जायला हवं. साध्या च्युइंगगमसारखं सतत चघळलं तर ते लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं, आणि "हे औषध मला सोसत नाही" म्हणून रुग्ण ते टाकून देतो. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असताना चहा-कॉफी घ्यायची नाही, कारण त्यानं निकोटिन नीट शोषलं जात नाही. एवढी साधी गोष्ट न सांगितल्यामुळे चांगलं औषध वाया जातं.

केसपेपरवर बिडीची नोंद असणं इतर उपचारांसाठीही गरजेचं आहे. दम्याच्या किंवा सीओपीडी या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या रुग्णांना आपल्याकडे थिओफिलिन अजूनही दिलं जातं. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत हे औषध भराभर संपवतं. बिडी थांबली की तेवढ्याच गोळीनं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं, मग धडधड, हातांची थरथर, मळमळ सुरू होते, आणि ही तलफच आहे असा समज होऊ शकतो. बिडी कधी थांबली हे लिहिलेलंच नसेल, तर डोस कमी करायचं कोणाला सुचणार?

आक्षेप बरेच आहेत आणि ते दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप घरच्यांचा: आधीच माणूस खचलाय, त्याचा एवढाच विरंगुळा कशाला काढून घेता? पण त्या झुरक्यानं जो ताण उतरतो, त्यातला बराचसा निकोटिन कमी पडल्यामुळेच आलेला असतो. आता सोडून काय उपयोग, असंही म्हटलं जातं. हृदयरोग जडल्यानंतर धूम्रपान सोडणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ओढत राहणाऱ्यांच्या तुलनेत 36 टक्क्यांनी कमी असल्याचं 2003 मधल्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. इतका फायदा देणारी गोळी असती, तर ती लिहून द्यायला कोणी विसरलं असतं का? हृदयरुग्णाला पुन्हा निकोटिनच द्यायचं, ही शंका रास्त आहे. पण गममध्ये कार्बन मोनॉक्साइड नसतो, डांबर नसतं आणि निकोटिनही हळूहळू मिळतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते ओढण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. बर्जर्स डिसीजमध्ये मात्र, जिथं हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद होऊन बोटं काळी पडतात, तिथं निकोटिन कोणत्याही रूपात टाळायचं असतं.

सर्वांत खरा आक्षेप वेळेचा आणि यशाचा. सरकारी रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरला श्वास घ्यायला फुरसत नसते, हे मान्यच आहे. पण हे काम डॉक्टरनंच करायला हवं असं नाही. कॅनडात ओटावाच्या हार्ट इन्स्टिट्यूटनं 2002 पासून जी पद्धत बसवली, तिच्यात दाखल होणाऱ्या प्रत्येकाला तंबाखूबद्दल विचारतात, वॉर्डातच औषध सुरू करतात आणि घरी गेल्यावर संगणकावरून आपोआप फोन जातात. जो डळमळतोय असं दिसतं, त्याला परिचारिका स्वतः फोन करते. ही पद्धत नऊ रुग्णालयांत नेली, तेव्हा सहा महिन्यांनंतरही न ओढणाऱ्यांचं प्रमाण 18.3 टक्क्यांवरून 29.4 टक्क्यांवर गेलं. म्हणजे बहुसंख्य रुग्ण तरीही ओढतच राहिले. हे लपवण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक शंभरांमागे सुमारे अकरा माणसं जास्तीची सुटतात, आणि तीही फोनसारख्या स्वस्त साधनानं, ही मला छोटी गोष्ट वाटत नाही.

महाराष्ट्रात या कामाला आणखी एक बाजू आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार राज्यात 3.8 टक्के प्रौढ ओढतात, तर 24.4 टक्के तंबाखू, खर्रा, गुटखा, मिश्री अशा धुराविना प्रकारांत अडकलेले आहेत. "बिडी-सिगारेट ओढता का?" एवढंच विचारलं तर यातले जवळपास सगळे निसटतात. मिश्री लावणाऱ्या बाईला तर आपण तंबाखू घेतो असंही वाटत नाही, म्हणून तिला मिश्रीचं नाव घेऊनच विचारायला हवं. रुग्णालयांतले बहुतेक पुरावे ओढणाऱ्यांचे आहेत, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे इथं लावू नयेत. पण विचारणं, नोंदवणं आणि घरी गेल्यावर साथ न सोडणं हे ओढणाऱ्यांना आणि धुराविना घेणाऱ्यांना, दोघांनाही लागतं.

निकोटिनचं औषध 2022 पासून राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. 1800-11-2356 हा सरकारी क्विटलाइनचा मोफत क्रमांक 2016 पासून सुरू आहे. तेव्हा आपलं माणूस रुग्णालयात असेल आणि तंबाखू घेत असेल, तर डिस्चार्ज कार्ड हातात घेताना ते एकदा नीट वाचा. त्यावर तंबाखूच्या उपचाराचा उल्लेख नसेल, तर तिथंच थांबून विचारा: याचं औषध कोणतं, आणि आम्हाला फोन कोण आणि कधी करणार?