उपमान प्रमाणाचे बलाबल

“हा रुग्ण त्या रुग्णासारखाच आहे, तेव्हा तेच औषध द्यावे,” असा विचार आपणा सर्वांच्या मनात नित्य येतो. सादृश्यावरून केलेला हा तर्क टाळता येत नाही. मात्र त्याचे बलाबल पाहिल्याविना त्यावर विसंबणे घातक ठरते.

सुश्रुताचार्यांनी प्रत्यक्ष, आगम, अनुमान व उपमान अशी चार प्रमाणे मानली. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात ‘औपम्य’ स्पष्ट करताना दंडक व धनुःस्तंभ यांची उदाहरणे दिली आहेत. शरीर दंडासारखे ताठ वा धनुष्यासारखे वक्र झाले, की व्याधी ओळखता येतो. परंतु धनुष्याची दोरी सैल करावी तशी चिकित्सा कोणी करीत नाही. सादृश्य ओळख पटविते. चिकित्सेची सिद्धता त्याहून निराळी.

सादृश्यांची संख्या मोठी असणेही पुरेसे नाही. चित्रक व दंती दोन्ही रसाने कटु, विपाकाने कटु व वीर्याने उष्ण. तरीही दंती प्रभावाने विरेचक ठरते, चित्रक नव्हे.

आमची स्वतःची एक चूक येथे नमूद करतो. धानाच्या रोवणीत अनवाणी राबणाऱ्यांत अंकुशकृमींमुळे रक्तक्षय होतो. अशा अनेक रुग्णांना कृमिघ्न चिकित्सेसह मंडूरकल्पांनी गुण आल्याचे आम्ही भंडारा जिल्ह्यात पाहिले होते. पुढे तसाच पांडुर दिसणारा एक तरुण आला. तेच गाव, तेच काम; आम्ही तोच कल्प दिला. काही महिने गेले, गुण येईना. सांधेदुखी व नेत्रांची पीतता यांकडे आम्ही उशिरा लक्ष दिले. तपासणीअंती सिकलसेल निघाला.

या व्याधीत रक्तकण विळ्याच्या आकाराचे होऊन अकाली फुटतात. लोहाची उणीव हे त्याचे मूळ नव्हे. वारंवार रक्त द्यावे लागलेल्या रुग्णात तर लोह साचते. पांडुता समान, परंतु हेतू व संप्राप्ती भिन्न. पूर्व विदर्भात हा व्याधी मोठ्या प्रमाणात आढळतो. 2023 मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू झाले. तेव्हा येथील वैद्याने पांडुरोग्याची सोल्युबिलिटी चाचणी व आवश्यकतेनुसार इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्यावे. लोहाची कमतरता सिद्ध झाल्याविना अशा रुग्णास लोहकल्प देऊ नयेत.

औषधालयांच्या चालकांनाही हा विवेक आवश्यक आहे. बागेत उंच वाढणाऱ्या वृक्षालाही लोक ‘अशोक’ म्हणतात. म्हणून त्याची साल अशोकारिष्टात चालत नाही. नामसादृश्य हे सर्वांत दुर्बल सादृश्य होय.

सारांश, प्रत्येक उपमानाला तीन प्रश्न विचारावेत. हे साम्य व्याधीच्या हेतूशी वा द्रव्याच्या कर्माशी निगडित आहे काय? निष्कर्ष उलटवील असा एखादा भेद आहे काय? आणि प्रत्यक्ष परीक्षण त्यास दुजोरा देते काय? तिसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत उपमान ही केवळ शंका समजावी. ती लेखणीतून चिठ्ठीवर उतरण्यापूर्वी क्षणभर थांबणे हेच वैद्याचे कर्तव्य आहे.