मंत्रीसाहेब न्यायाधीश झाले तेव्हा...

मुलांनो, परवा आमच्या शाळेच्या मैदानावर गंमतच झाली. पाचवीच्या दोन तुकड्यांची कबड्डी रंगात आली होती. 'अ' तुकडीच्या कप्तानाचा पाय मुरगळला. तो हिरमुसून बसला, म्हणून मी शिट्टी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "आता तू पंच!" लगेच 'ब' तुकडीने गिल्ला केला, "बाई, तो तर त्यांचाच आहे! आम्हाला न्याय कसा देणार?"

प्रश्न रास्त होता. एकदा मोठमोठ्या वकिलांनाही हाच प्रश्न पडला होता. त्याचीच ही गोष्ट.

व्ही. आर. कृष्ण अय्यर यांचा जन्म 1915 सालचा, आजच्या केरळातला. वडील वकील. मुलगाही वकील झाला आणि तलश्शेरी गावात शेतकरी-कामगारांचे खटले लढवू लागला. कम्युनिस्टांना कायद्याची मदत करतात, या आरोपावरून 1948 मध्ये सरकारने त्यांना महिनाभर तुरुंगात ठेवलं. तुरुंग आतून कसा असतो, ते त्यांनी तेव्हा पाहिलं.

1952 मध्ये ते मद्रास विधानसभेत निवडून गेले. 1956 मध्ये केरळ राज्य झालं आणि 1957 मध्ये ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांच्या सरकारात अय्यर मंत्री झाले. ते अपक्ष होते, पण कम्युनिस्टांच्या पाठिंब्याने निवडून आलेले. कायदा, गृह, तुरुंग, वीज, पाटबंधारे अशी कितीतरी खाती त्यांच्याकडे! 1959 मध्ये ते सरकार बरखास्त झालं. अय्यर पुन्हा काळा कोट चढवून कोर्टात उभे राहिले. 1965 मध्ये ते निवडणूक हरले.

1968 मध्ये ते केरळ उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. 1973 मध्ये त्यांना सर्वोच्च न्यायालयात नेमायचं ठरलं, तेव्हा मुंबईच्या काही वकिलांनी विरोध केला. त्यांत सोली सोराबजी हे नामवंत वकीलही होते. राजकारणातला माणूस निःपक्ष कसा राहील? म्हणजे आमच्या 'ब' तुकडीचंच म्हणणं!

परीक्षेची घडी लवकरच आली. 12 जून 1975 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची खासदारकीची निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाला तेव्हा सुट्टी होती आणि सुट्टीतलं काम अय्यरांकडे होतं. अय्यरांनीच पुढे सांगितलेली हकिगत अशी : कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी फोन करून भेटायला येऊ का, असं विचारलं. अय्यर म्हणाले, भेटीची गरज नाही, अर्ज कचेरीत रीतसर द्या. बघा हं, फोन देशाच्या कायदामंत्र्यांचा होता!

24 जूनला त्यांनी निकाल दिला. इंदिराजींना पंतप्रधान राहता येईल, पण खटला संपेपर्यंत लोकसभेत मत देता येणार नाही. ना सरकार पुरतं खूश, ना विरोधक. दुसऱ्याच दिवशी, 25 जूनला, देशात आणीबाणी जाहीर झाली. या निकालाबद्दल आजही वाद होतात. निकाल आवडो न आवडो, पण दाराआडच्या भेटीला त्यांनी नकार दिला, हे मात्र लक्षात ठेवा.

मग मंत्री असतानाचं सगळं ते विसरले का? मुळीच नाही. त्यांनी बाजू सोडली, अनुभव सोडला नाही. तिहार तुरुंगातल्या एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल न्यायाधीशांना पत्र लिहिलं. वकील नाही, स्टँप नाही, नुसतं पत्र! तोच अर्ज मानून न्यायालयाने सुनावणी केली. मध्य प्रदेशातल्या रतलाम गावात उघड्या गटारांनी लोक हैराण झाले होते. नगरपालिका म्हणे, पैसे नाहीत. 1980 मध्ये अय्यरांनी बजावलं, ही सबब चालणार नाही, गटारं बांधा, संडास बांधा. गरीब कैद्याला सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे, हेही त्यांनी 1978 मध्ये महाराष्ट्रातल्या एका खटल्यात ठासून सांगितलं.

1980 मध्ये ते निवृत्त झाले आणि 2014 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षात, त्यांचं निधन झालं. आणि सोली सोराबजी? ते पुढे देशाचे महान्यायवादी झाले. आपला तो विरोध चुकीचा होता, असं त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं. चूक कबूल करायलाही मोठं मन लागतं, नाही का?

हो, आमची कबड्डी राहिलीच! चढाईला गेलेल्या 'अ' च्या गड्याचा पाय रेषेबाहेर पडला. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. आमच्या पंचाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि शिट्टी फुंकली, "बाद!" मधल्या सुट्टीत त्याच्या तुकडीने त्याला डब्याला बोलावलं नाही. 'ब' तुकडीने मात्र सरकून जागा केली.

पालकहो, घरात दोन भावंडं भांडतात तेव्हा शिट्टी तुमच्या हातात असते. मुलं बघत असतात बरं का!