चीनची सांस्कृतिक क्रांती आणि जन्माचा शिक्का

गेल्या वर्षी विसाव्या शतकातील क्रांत्यांविषयी शिकवीत असताना वर्गातील एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, ‘‘सर, चीनमध्ये राजा गेला, जमीनदार गेले, सगळे सारखे झाले. मग तिथे जन्मावरून माणूस ओळखणे बंद झाले असेल ना?’’ तासाची घंटा होत आली होती. ‘‘पुष्कळसे बंद झाले,’’ असे मोघम उत्तर देऊन आम्ही वेळ मारून नेली. त्या रात्री अभ्यासिकेत फेरी मारताना मात्र ते उत्तर आम्हांस टोचत राहिले. इतिहासाच्या शिक्षकाने असे उत्तर द्यावयास नको होते. प्रस्तुत लेख ही त्या उत्तराची उशिरा केलेली दुरुस्ती समजावी.

प्रारंभीच हे मान्य केले पाहिजे की, १९४९ साली चीनमध्ये साम्यवादी पक्षाची सत्ता आली तेव्हा गरीब शेतकऱ्याने तिचे स्वागत केले, आणि त्याला सबळ कारणे होती. पिढ्यान्‌पिढ्या खंड आणि सावकारी यांखाली पिचलेल्या कुळांना १९५० च्या जमीन सुधारणा कायद्याने जमीन मिळाली. त्याच वर्षीच्या विवाह कायद्याने बालविवाह, सक्तीचे विवाह आणि मुलींची खरेदी-विक्री यांवर बंदी घातली. ज्यांच्या आजोबांनी दुसऱ्याच्या बांधावर आयुष्य काढले, त्या आमच्यासारख्यांना या गोष्टींचे मोल निराळे सांगावे लागत नाही. जमीनवाटपाच्या त्या काळात लक्षावधी माणसे मारलीही गेली, हेही तितकेच खरे.

जमिनीचे वाटप करताना प्रत्येक कुटुंबाचा वर्ग ठरविण्यात आला: जमीनदार, श्रीमंत शेतकरी, मध्यम शेतकरी, गरीब शेतकरी, शेतमजूर. शहरांतही अशीच विभागणी झाली. हा वर्ग म्हणजे क्रांतीपूर्वीच्या काळातील उपजीविकेची नोंद होती. जमीन वाटली गेली की जमीनदार जमीनदार उरत नाही. तेव्हा ती नोंदही तेथेच संपावयास हवी होती. ती संपली नाही. ती बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे गेली. शाळेच्या, कारखान्याच्या, सैन्यभरतीच्या प्रत्येक अर्जात ‘कुटुंबाचे मूळ’ असा एक रकाना आला. १९५५ साली जन्मलेल्या मुलाने आयुष्यात कधी वीतभर जमीन पाहिली नसली, तरी त्या रकान्यात तो जमीनदारच राहिला. महाविद्यालयातील प्रवेश, पक्षाचे सदस्यत्व, बरी नोकरी, एवढेच काय पण लग्नाची सोयरीकही त्या रकान्यावरून ठरू लागली. गरीब शेतकऱ्याच्या घरचे लोक जमीनदाराच्या घरी मुलगी देण्यास कचरू लागले, कारण नातवंडांवर शिक्का बसे.

१९५८ नंतर ‘मोठी झेप’ या नावाने जो औद्योगिक आणि सामुदायिक शेतीचा प्रयोग झाला, त्यातून भीषण दुष्काळ पडला. त्यात मेलेल्यांचा अंदाज अभ्यासक दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत करतात. या अपयशामुळे पक्षात माओ त्से तुंग यांचे वजन घटले आणि लिऊ शाओ-ची, डेंग शियाओपिंग यांच्या हाती कारभार गेला. गेलेले वजन परत मिळवावे आणि पक्षात नवे भांडवलदार शिरले आहेत या स्वतःच्या समजुतीनुसार तो धुऊन काढावा, अशा दुहेरी हेतूने माओंनी मे १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांतीची हाक दिली. त्यासाठी त्यांनी ना सैन्य वापरले ना कामगार. प्रथम वापरले ते शाळकरी विद्यार्थ्यांना.

जूनमध्ये वर्ग थांबले, महाविद्यालयीन प्रवेश परीक्षा पुढे ढकलली गेली आणि ती पुढे अकरा वर्षे झालीच नाही. बीजिंगमध्ये अध्यापन विद्यापीठाशी जोडलेली मुलींची एक नामांकित माध्यमिक शाळा होती. बड्या नेत्यांच्या मुली तेथे शिकत. तेथील उपमुख्याध्यापिका बियान झोंगयुन या पन्नास वर्षांच्या, चार मुलांच्या आई. ५ ऑगस्ट १९६६ रोजी त्यांच्याच विद्यार्थिनींनी त्यांना काठ्यांनी मारले, माती वाहावयास लावली आणि त्या कोसळल्यावर कचऱ्याच्या हातगाडीवर टाकून दिले. रुग्णालय रस्त्याच्या पलीकडे होते. तेथे त्यांना काही तासांनी नेण्यात आले, तोवर प्राण गेला होता. बीजिंगमध्ये विद्यार्थ्यांच्या हातून मेलेल्या त्या पहिल्या शिक्षिका. त्यांच्या पतीने, वांग जिंगयाओ यांनी, दुसऱ्या दिवशी कॅमेरा विकत घेऊन पत्नीच्या देहाची छायाचित्रे काढली आणि रक्ताने भरलेले कपडे जपून ठेवले. तीस वर्षे शाळेत काढलेल्या आमच्यासारख्याला हा प्रसंग लिहितानाही हात थांबतो.

त्यानंतर तेरा दिवसांनी तिआनआनमेन चौकात माओंनी सुमारे दहा लाख तरुणांची सलामी स्वीकारली. हे ‘रेड गार्ड’. ऑगस्ट आणि सप्टेंबर या दोन महिन्यांत एकट्या बीजिंगमध्ये १,७७२ माणसे मारली गेली, अशी तेथील सरकारी नोंद आहे.

हे रेड गार्ड कोण होते? आरंभी त्यांच्यात कोणालाही प्रवेश नव्हता. कामगार, गरीब शेतकरी, सैनिक, हुतात्मे आणि क्रांतिकारक अधिकारी या पाच ‘लाल’ कुळांतील मुलांनाच तो मान होता. जमीनदार, श्रीमंत शेतकरी, प्रतिक्रांतिकारक, ‘वाईट तत्त्वे’ आणि उजवे ठरविलेले लोक यांची मुले ही ‘काळी’. वीराच्या पोटी वीर आणि प्रतिगाम्याच्या पोटी नासकेच अंडे, अशा अर्थाची द्विपदी त्या उन्हाळ्यात शाळांच्या भिंतींवर चिकटविली गेली होती. बीजिंगलगतच्या दाशिंग तालुक्यात २७ ऑगस्ट ते १ सप्टेंबर या काळात ‘काळ्या’ कुळांतील ३२५ माणसे मारली गेली. बावीस कुटुंबे समूळ नाहीशी झाली. मृतांपैकी सर्वांत मोठा ऐंशी वर्षांचा आणि सर्वांत लहान जीव अडतीस दिवसांचा होता. अडतीस दिवसांच्या बाळाने कोणत्या वर्गाचे शोषण केले असेल? जन्म हाच अपराध आणि जन्म हीच पात्रता, ही विचारसरणी कोठल्याही भाषेत बोलली गेली तरी आपणांस तिचा आवाज ओळखू येतो.

आणि तो आवाज एका चिनी तरुणानेही ओळखला. यू लुओके त्याचे नाव. आई-वडील अभियंते, १९५७ मध्ये दोघांवर ‘उजवे’ असा शिक्का बसला. मुलगा हुशार, परंतु त्या रकान्यामुळे त्याला विद्यापीठाचे दार बंद. त्याने शेतावर काम केले, मग कारखान्यात उमेदवारी केली आणि मिळेल तेथे वाचन केले. जानेवारी १९६७ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका छोट्या वृत्तपत्रात त्याचा ‘कुटुंबाच्या मुळाविषयी’ या अर्थाच्या शीर्षकाचा दीर्घ लेख छापून आला. त्याच्या हजारो प्रती हातोहात खपल्या. देशभरातून पत्रे आली. त्याचे म्हणणे साधे होते: माणूस घडतो तो समाजात, केवळ घरात नव्हे. बापाचा वर्ग म्हणजे मुलाची कृती नव्हे. ज्यांना जन्मावरून सर्व संधी नाकारल्या जातात त्यांची स्थिती अमेरिकेतील काळ्या लोकांहून, जपानमधील बहिष्कृतांहून आणि भारतातील शूद्रांहून निराळी कशी, असा थेट प्रश्न त्याने त्यात विचारला आहे. भारत कधीही न पाहिलेल्या चोवीस वर्षांच्या कामगाराने स्वतःच्या देशाची व्यथा सांगताना आपले उदाहरण घ्यावे, हे प्रथम वाचनात आले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून काही वेळ तसेच बसून राहिलो.

एप्रिलमध्ये सत्ताधाऱ्यांनी तो लेख विषारी ठरविला. जानेवारी १९६८ मध्ये यू लुओकेला अटक झाली आणि ५ मार्च १९७० रोजी गोळ्या घालून त्याला ठार करण्यात आले. वय सत्तावीस.

येथे काही वाचकांच्या मनात एक शंका येईल, आणि ती आमच्याही मनात आली होती. जे शतकानुशतके माडीवर राहिले त्यांच्या नातवंडांनी थोडे सोसले तर बिघडले कोठे? शिवाय चीनचा शिक्का तीस वर्षांचा आणि आपला हजारो वर्षांचा. दोहोंची बरोबरी कशी करावी? बरोबरी करू नयेच. तेथे विटाळ नव्हता, धर्मग्रंथाची आज्ञा नव्हती, आणि शिक्का अखेर सरकारी हुकुमाने पुसता आला. आपल्याकडच्या शाळेच्या दाखल्यावरील जातीचा रकानाही आज वंचिताला हक्क मिळवून देतो, हिरावून घेत नाही. तरीही शिडी उलटी केली म्हणजे शिडी मोडली असे होत नाही. शिवाय वरच्या पायरीवर गरीब शेतकऱ्याचा मुलगा बसला असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल; शहरातील शाळांत पहिल्यांदा दंडावर लाल पट्टी बांधली ती पुष्कळदा मंत्र्यांच्या आणि सेनापतींच्या मुलामुलींनी.

परमपूज्य बाबासाहेबांनी २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडू येथील जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना केली, तेव्हा सांस्कृतिक क्रांती दहा वर्षे दूर होती. दुःखनिवारणाच्या ध्येयाबद्दल त्यांनी मार्क्सशी वाद घातला नाही. वाद होता तो साधनांविषयी. बळाने आणलेली व्यवस्था बळ दूर होताच टिकेल काय, आणि मनुष्याचे मन न पालटता समाज पालटेल काय, हे त्यांचे प्रश्न होते. चीनमधील त्या दहा वर्षांचा इतिहास वाचताना ते प्रश्न पानोपानी समोर उभे राहतात.

बौद्ध वाचकांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. ‘चार जुन्या गोष्टी’, म्हणजे जुने विचार, जुनी संस्कृती, जुन्या चालीरीती आणि जुन्या सवयी नष्ट करा, या घोषणेखाली विहार, मूर्ती आणि ग्रंथ फोडले व जाळले गेले; भिक्खू-भिक्खुणींची चीवरे उतरविली गेली. लोयांगचा श्वेताश्व विहार, जो भारतातून गेलेल्या काश्यप मातंग आणि धर्मरत्न यांच्या स्मृतीशी परंपरेने जोडलेला आहे, त्यातील मूर्तींचा विध्वंस झाला. पुढे १९७३ च्या सुमारास परदेशी राजपाहुण्यास तो दाखवावयाचा म्हणून बीजिंगच्या जुन्या राजवाड्यातील मूर्ती आणून तेथे मांडण्यात आल्या! शान्शी प्रांतातील फामेन विहारात तथागतांच्या अस्थिधातूंवर उभारलेला स्तूप आहे. १९६६ मध्ये रेड गार्ड तो उद्ध्वस्त करावयास आले तेव्हा भिक्खू लियांगचिंग यांनी स्तूपासमोर स्वतःस अग्नीच्या स्वाधीन केले. स्तूप वाचला. १९८७ मध्ये त्याच्या पुनर्बांधणीच्या वेळी तळघर उघडले आणि अस्थिधातू सापडले.

मनुस्मृतीचे दहन आपणही केले, मग फरक काय, असे एकदा एका पालकांनी आम्हांस विचारले होते. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळली गेली ती एका ग्रंथाची प्रत. जाळणारे त्या ग्रंथाने चिरडलेले लोक होते, त्यांच्या पाठीशी कोणतीही सत्ता नव्हती, आणि कोणा माणसाच्या केसालाही त्यांनी धक्का लावला नाही. ज्यांनी ते घडविले त्यांनी तो ग्रंथ आधी अभ्यासिला होता. अधिक बोलण्याची गरज आम्हांस वाटत नाही.

डिसेंबर १९६८ पासून शहरी तरुणांना खेड्यांत पाठविण्याची मोहीम जोरात सुरू झाली. एकूण एक कोटी साठ लाखांहून अधिक मुलेमुली गेली. कित्येकांची दहा-दहा वर्षे तेथेच सरली. त्याच काळात खेड्यांत माध्यमिक शाळा वाढल्या, आणि थोडे प्रशिक्षण घेतलेले ‘अनवाणी डॉक्टर’ गावोगाव पोहोचले, हे श्रेयही द्यावयास हवे. ज्या गावी पूर्वी कधी वैद्य फिरकला नव्हता त्या गावच्या बाळंतिणीला ही क्रांती निराळी दिसली असणार. पण घराघरांतील विश्वास गेला तो गेलाच. आन्हुई प्रांतातील झांग होंगबिंग या सोळा वर्षांच्या मुलाने १९७० मध्ये घरात माओंवर टीका केली म्हणून आपल्या आईविरुद्ध तक्रार केली. दोन महिन्यांत आईला मृत्युदंड झाला. २०१३ मध्ये, म्हातारपणी, त्याने जाहीर माफी मागितली. या दशकात एकूण किती माणसे दगावली याचे अंदाज पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात.

१९७६ मध्ये माओ निवर्तले. डिसेंबर १९७७ मध्ये प्रवेश परीक्षा पुन्हा झाली तेव्हा ५७ लाख उमेदवार बसले. तिशी गाठलेले शेतमजूर आणि सतरा वर्षांची मुले एकाच बाकावर. प्रवेश मिळाला २ लाख ७३ हजारांना. त्या वेळी डेंग यांनी कुटुंबाच्या मुळाऐवजी उमेदवाराचे स्वतःचे वर्तन पाहावे असे ठरविले. जानेवारी १९७९ मध्ये जमीनदार आणि श्रीमंत शेतकरी हे शिक्के पुसण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी न्यायालयाने यू लुओके निर्दोष असल्याचे जाहीर केले. १९८१ च्या ठरावात खुद्द पक्षानेच त्या दशकाला प्रजासत्ताकाच्या स्थापनेनंतरचे सर्वांत मोठे नुकसान म्हटले.

बियान झोंगयुन यांच्या मृत्यूबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. त्यांच्या शाळेत आता त्यांचा अर्धपुतळा आहे. जानेवारी २०१४ मध्ये त्या काळच्या विद्यार्थिनी-नेत्या सोंग बिनबिन आणि इतर काही माजी विद्यार्थिनी, साठी ओलांडलेल्या, त्या पुतळ्यासमोर वाकून उभ्या राहिल्या. आपण आपल्या शिक्षिकेला वाचवू शकलो नाही, याबद्दल सोंग बिनबिन यांनी क्षमा मागितली. नव्वदी पार केलेल्या वांग जिंगयाओ यांनी ती क्षमा स्वीकारली नाही.