फ्लॅट विकण्यापूर्वी: कार्पेट काढावे की ठेवावे?

नोकरीच्या पहिल्या वर्षांत लंडन किंवा बर्मिंगहॅमसारख्या शहरात घेतलेला एका बेडरूमचा फ्लॅट कुटुंब वाढले की अपुरा पडू लागतो. तो विकायला काढताना मळलेले कार्पेट उखडून त्या जागी लाकडासारखे दिसणारे लॅमिनेट बसवावे, असे अनेकांच्या मनात येते. विचार चुकीचा नाही. परंतु त्यापूर्वी भाडेपट्टा वाचणे आवश्यक आहे.

भाडेपट्ट्यातील अट

इंग्लंड व वेल्समधील बहुतेक फ्लॅट 'लीजहोल्ड', म्हणजे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावरचे असतात. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर वगळता सर्वत्र कार्पेट असावे, अशी अट अनेक पट्ट्यांत आढळते. तिचे कारण खालच्या मजल्यावर पोहोचणारा पावलांचा आवाज. सध्याच्या बांधकाम नियमांच्या 'ई' भागानुसार नव्या फ्लॅटमध्ये अशा आघातध्वनीची कमाल मर्यादा ६२ डेसिबल, तर जुन्या वास्तूचे रूपांतर करून केलेल्या फ्लॅटमध्ये ६४ डेसिबल आहे. हे निकष येण्यापूर्वी विभागल्या गेलेल्या व्हिक्टोरियन घरांत मात्र कार्पेट हाच पुष्कळदा आवाजाला मुख्य अडसर असतो.

विक्रीच्या वेळी भरावयाच्या 'टीए ७' अर्जात फ्लॅटमधील बदल व त्यांची संमती यांविषयी विचारणा होते. संमतीविना बसवलेले लॅमिनेट तेथे उघडे पडते. मग जमीनमालकाची मागाहून परवानगी मिळवण्यात वेळ व शुल्क जाते आणि तोवर खरेदीदाराचे मन बदलू शकते.

कोठे काय शोभते

अट असल्यास फिकट, एकरंगी नवे कार्पेट व त्याखाली जाड अंडरले हा सुरक्षित मार्ग. जुने कार्पेट धडधाकट असेल, तर व्यावसायिक सफाईही पुरते. मात्र फोडणीचा वास कार्पेटात दीर्घकाळ मुरतो. घरात राहणाऱ्याला तो जाणवत नाही, पाहायला येणाऱ्याला दारातच जाणवतो.

परवानगी असल्यास लॅमिनेट किंवा विनाइलच्या फळ्या निवडता येतात. पाण्याचा संबंध येतो तेथे विनाइल अधिक टिकाऊ. लॅमिनेटचे सांधे ओलाव्याने फुगतात. प्रवेशमार्गापासून दिवाणखान्यापर्यंत एकच तळ ठेवला आणि फळ्या खोलीच्या लांबीच्या दिशेने बसवल्या, तर जागा सलग व मोठी भासते. प्रत्येक खोलीत निराळा तळ असला, की लहान घराचे तुकडे झाल्यासारखे वाटते. जुन्या थरावर नवा थर चढवल्यास दारे खालून तासावी लागतात, हेही अंदाजपत्रकात धरावे.

भिंतींना उबदार पांढरा रंग, खिडकीसमोर मोकळी जागा आणि मोजकेच फर्निचर एवढ्यानेही उजेड वाढतो. स्वयंपाकाच्या ओट्यावरील हळदीचे डाग आणि न्हाणीघरातील काळवंडलेले सिलिकॉन यांकडे प्रथम लक्ष द्यावे. थोड्या खर्चात तेथे मोठा फरक पडतो.

खर्चाची मर्यादा

फ्लॅट दरम्यान भाड्याने दिला असेल, तर विक्रीवर भांडवली नफा कर लागू शकतो. साधे रंगकाम व देखभाल यांचा खर्च त्या नफ्यातून वजा होत नाही आणि कर देय असल्यास व्यवहार पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांत तो कळवून भरावा लागतो. खरेदीदार पुष्कळदा स्वतःच्या आवडीचा तळ नव्याने बसवतोच. म्हणून उंची लाकडावर खर्च करण्याऐवजी घर स्वच्छ, उजळ आणि कागदोपत्री निर्दोष ठेवणे अधिक लाभाचे ठरते.